झाडावरच्या घराचा नकाशा



सुट्टीत मुलाबाळांना घेऊन झाडावरच्या घरात दोन दिवस राहून यायची आता पद्धतच पडली आहे. सगळे त्याला ट्री-हाउस म्हणतात. आमच्या लहानपणी रानात जोंधळा राखायला चार मेढी रोवून माळा घालायचे आणि त्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकायचे. उंचावर बसायची हौस तेवढ्यावर भागायची. त्याच रानात पैसे देऊन लोक उंचावर झोपायला येतील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आमच्या आजीला खरं वाटलं नसतं.

माझं माहेर पन्हाळ्याच्या वाटेवर. दादाचा मळा आहे, त्यात ऊस, थोडा भात आणि बांधावर आजोबांच्या वेळचा एक रायवळ आंबा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, तेव्हापासून भाच्याच्या मनात होतं की या आंब्यावर पाहुण्यांसाठी घर बांधायचं. उसाचं बिल कधी येईल याचा भरवसा नसतो, मुलांच्या फीची तारीख मात्र ठरलेली. तेव्हा जोडधंदा हवा, हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्यानं एका ठेकेदाराकडून नकाशा करून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "आत्या, तू बी.कॉम. झालेली. जरा आकडे बघ, बँकेत कर्जाला द्यायचे आहेत."

नकाशात दोन खोल्या होत्या. दोन्ही आंब्याच्या फांद्यांवर टेकलेल्या. एका खोलीच्या मधोमध बुंधा, कारण फोटोत ते छान दिसतं. पूर्वेकडच्या मोठ्या फांदीवर लाल फुली मारली होती. ती फांदी काढली तरच दुसरी खोली बसणार होती. आकडे मी बघितले, ते ठीक होते. पण त्या लाल फुलीवरून घरात तीन आठवडे बोलणं चाललं. दादा गप्प, वहिनींच्या डोळ्यांत पाणी, आणि भाचा म्हणतोय, "एका खोलीवर हप्ता फिटत नाही."

आपल्या धर्मात वनस्पती एकेंद्रिय जीव आहे. तिला स्पर्श कळतो. म्हणून मुनिमहाराज हिरव्या गवतावरून चालत नाहीत. आपण गृहस्थ आहोत. घर बांधणं, स्वयंपाक करणं, शेती, व्यापार यांत जी हिंसा होते तिला आपल्याकडे आरंभी आणि उद्योगी हिंसा म्हटलं आहे. ती पूर्ण टळत नाही, पण यत्नाचारानं कमी करता येते. ठरवून, जाणून केलेली संकल्पी हिंसा मात्र गृहस्थानंही सोडायची असते. म्हणजे घर बांधूच नये असं धर्म सांगत नाही. कसं बांधायचं याचा विचार करा, एवढं नक्की सांगतो.

आपल्या बऱ्याच मंदिरांत षट्लेश्येचं चित्र असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. गोम्मटसार जीवकांडात ते उदाहरण आलं आहे. सहा वाटसरूंना भूक लागते, समोर फळांनी लगडलेलं झाड दिसतं. चित्रात ते बहुधा जांभळाचं असतं. पहिल्याच्या मनात येतं, मुळापासून तोडू. दुसऱ्याच्या मनात, खोडापासून तोडू. तिसरा मोठ्या फांदीवर येतो, चौथा डहाळीवर. पाचवा म्हणतो फळंच तोडू, आणि सहावा म्हणतो खाली पडलेली आहेत की, तीच खाऊ. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल अशा या सहा लेश्या. भूक सहाही जणांची सारखीच आहे. पाठशाळेत हे चित्र आम्ही रंगवायचो.

भाच्याला मी म्हटलं, "बाळा, याच क्रमानं आपण नकाशा तपासू. मूळ, खोड, फांदी, डहाळी, फळ आणि पडलेलं. जिथं निभावता येईल तिथं निभावू, आणि कर्जाचा हिशेब शेवटी परत मांडू." मी इंजिनियर नाही. पण चाळीस वर्षांत चार बिऱ्हाडं मांडली, त्यामुळे कोणती वस्तू कुठे ठेवली की दिवसभर पायपीट होते हे मला कळतं. शेवटचं रेखाटन आणि खांबांचं गणित गावातल्या इंजिनियरनंच केलं. कुठे काय असावं, ते आम्ही घरच्यांनी ठरवलं.

आधी मुळाचं बघितलं. मुळं खोल पाताळात जातात अशी आपली समजूत असते. पण अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात, आणि सावली पडते त्याच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. झाडाखाली सरसकट काँक्रीट ओतलं, गाड्या लावून माती दाबली, की झाड मुळाशीच मारल्यासारखं होतं. ते लगेच दिसत नाही, चार-पाच वर्षांनी शेंडा वाळायला लागतो. म्हणून नकाशात सगळ्यात आधी आंब्याच्या सावलीचा गोल काढला आणि त्यात काय येणार नाही ते लिहिलं. गाड्या नाहीत, शोषखड्डा नाही, पाण्याची टाकी नाही, फरशी नाही. गाड्या बांधापलीकडे लावायच्या, तिथून पायवाट. ती पालापाचोळ्याचीच ठेवली. खांबांचे खड्डे यंत्रानं न काढता पहारीनं आणि खोऱ्यानं काढले. दोन खड्ड्यांत मनगटाएवढी मुळं लागली, ते खड्डे फूट-दीड फूट सरकवले. इंजिनियर कुरकुरले, पण गणित परत मांडून दिलं.

मग खोड. झाडाचं अन्न सालीच्या लगेच आतून वाहतं, आणि नवं लाकूडही तिथेच तयार होतं. आतलं जुनं लाकूड नुसतं आधाराला. त्यामुळे बुंध्याभोवती तार किंवा दोर आवळून बांधला, की झाड जाड होत जातं तसा तो रुतत जातो आणि गळा आवळल्यासारखं होतं. झाडावरच भार टाकायचा असेल तर दहा ठिकाणी खिळे मारण्यापेक्षा एखादा जाड बोल्ट बरा, असं जाणकार सांगतात. पण मी विचारलं, भार किती?

इथे माझं कॉमर्स उपयोगी पडलं. खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. न्हाणीघर ५ बाय ७, ते ३५. पुढची बसायची जागा १० बाय ८, ती ८०. एकूण २३५ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ २२ चौरस मीटर. राहत्या खोल्यांसाठी माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. सज्जासारख्या जागेला त्याहून जास्त. कमीत कमी धरलं तरी ४,४०० किलो, आणि त्यात घराचं स्वतःचं वजन नाही. ठेकेदाराच्या नकाशात वर ५०० लिटरची टाकी होती, तिचं अर्धा टन वेगळं. एवढं ओझं आजोबांच्या आंब्यावर घालायचं? वादळात झाड एकीकडे हलणार, घर दुसरीकडे ओढणार. माळा घालणारे आमचे गडी चार मेढींवर माळा घालायचे, तेच बरोबर होतं. सहा लोखंडी खांब, घर खांबांवर, झाड आपलं मोकळं. टाकी खाली, सावलीच्या बाहेर.

बुंधा खोलीत घ्यायचा नाही, हेही मी हट्टानं ठरवलं. त्याला कारणं आहेत. पावसाचं पाणी फांद्यांवरून गोळा होऊन बुंध्यावरून धारेनं उतरतं. छपराला भोक पाडून बुंधा आत घेतला, तर रबर लावा नाहीतर डांबर लावा, झाड हललं की फट पडणार आणि पाणी गादीपर्यंत येणार. दुसरं म्हणजे मुंग्या. आंब्यावर तांबड्या मुंग्या पानं चिकटवून घर करतात, आणि बुंधा हा त्यांचा हमरस्ता. तो रस्ता पाहुण्यांच्या उशाशी नेला, की आठ दिवसांत फवारणीचा पंप येणार. त्यापेक्षा बुंधा बाहेरच्या बसायच्या जागेतून जाऊ द्यावा. मुंग्या त्यांच्या वाटेनं जातील, पाहुणे खुर्चीत बसतील. आमच्या आंब्याचा घेर सात फूट, म्हणजे व्यास सव्वादोन फूट. फळ्यांमध्ये त्याच्या चहूबाजूंनी चार-चार इंच मोकळी जागा सोडली आणि वर दोन तुकड्यांचं लाकडी कडं स्क्रूनं बसवलं. लहान पोराचा पाय अडकू नये म्हणून ते कडं, आणि झाड जाड झालं की सोडून मोठं करता यावं म्हणून स्क्रू.

आता ती लाल फुलीची फांदी. तिच्या बुडाशी ढोली आहे आणि ढोलीत पिंगळ्याचं जोडपं राहतं. ठेकेदाराचं म्हणणं होतं, फांदी पोकळ आहे, कधी ना कधी पडेल, मग आत्ताच काढा. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पाहुण्यांच्या डोक्यावर पोकळ फांदी ठेवणं हाही प्रमादच. पण धोका दोन तऱ्हांनी टळतो, फांदी काढून किंवा फांदीखालून माणसं काढून. आम्ही घरच पश्चिमेला सरकवलं आणि काटकोनात फिरवलं. पूर्वेच्या फांदीखाली जिना नाही, बाक नाही, झोपाळा नाही, वाटही नाही. तिथे आता कर्दळ लावली आहे, म्हणजे कुणी सहज जाऊन उभं राहत नाही. ती फांदी कधी पडलीच, तर मोकळ्या जमिनीवर पडेल. पिंगळे आहेत तिथेच आहेत.

याची किंमत होती, आणि ती म्हणजे दुसरी खोली. भाचा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

डहाळ्यांच्या बाबतीत त्यानंच उपाय काढला. छपराला आडव्या येणाऱ्या बारीक डहाळ्या छाटण्याऐवजी त्यानं छप्पर एका बाजूनं फूटभर खाली घेतलं. फांदी वयाबरोबर वर सरकत नाही, दहा फुटांवरची दहा फुटांवरच राहते. पण ती जाड होते आणि वाऱ्यानं हलते. म्हणून छप्पर आणि फांदी यांत एक फूट अंतर ठेवलं. तीन-चार डहाळ्या तरीही काढाव्या लागल्या. वहिनींनी त्या दिवशी एकाशन केलं. आग्या मोहोळाचंही आधीच ठरवून ठेवलं आहे. मोठ्या झाडाला ते कधीतरी लागतं आणि ऋतू बदलला की माश्या आपण होऊन जातात. धूर करून उठवायचं नाही. मोहोळ असेपर्यंत वरची खोली बंद ठेवायची आणि पाहुण्यांना तसं कळवायचं.

राहिली फळं. रायवळ आंबा मे महिन्यात पिकतो, आणि पाहुण्यांची गर्दीही मे महिन्यातच. पिकलेला आंबा वीस फुटांवरून पत्र्यावर पडला तर मध्यरात्री माणूस दचकून उठतो. म्हणून पत्र्याखाली बांबूची चटई आणि मध्ये पोकळी ठेवली, त्यानं आवाज पुष्कळ दबतो. जिना फळांच्या फांद्यांखालून न आणता मोकळ्या बाजूनं आणला. सज्जातून हात लांबवून फळ तोडायचं नाही, कठड्याबाहेर वाकायचं नाही, अशी पाटी आहे. जिन्याच्या तळाशी एक पाटी ठेवलेली असते, विणलेली, लिहिलेली नव्हे! सकाळी गळलेले आंबे त्यात गोळा करतो. ते पाहुण्यांनी हवे तेवढे खावेत, त्याचे पैसे नाहीत. मुलांना तोडण्यापेक्षा वेचण्यातच जास्त मजा येते, हे आता आम्ही रोज बघतो.

आता थोडं आतल्या मांडणीबद्दल, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जणींना त्यातच गोडी असणार.

बसायची पातळी जमिनीपासून नऊ फूट, म्हणजे १०८ इंच. पावणेसात इंचांच्या बरोबर १६ पायऱ्या झाल्या. पाय ठेवायला ११ इंच. मध्ये तीन फुटांचा टप्पा घेतला, आमच्यासारख्या गुडघेवाल्यांना दम खायला. शिडी नको, सरळ जिनाच हवा. रात्री झोपेत उतरायची वेळ आली तर शिडीवर माणूस पडतो. याच कारणानं न्हाणीघर वरच घेतलं, पण झाडाच्या विरुद्ध टोकाला, आणि नळ खांबालगत बाहेरून उतरवले. गळती झाली तर लगेच दिसते आणि लाकूड कुजत नाही. कठडा साडेतीन फूट उंच. उभ्या पट्ट्यांत चार इंचांपेक्षा कमी फट, म्हणजे लहान मुलाचं डोकं जात नाही. आडव्या पट्ट्या लावू नका, मुलं त्यांची शिडी करतात.

दहा बाय बाराची खोली लहान वाटते. पण पलंगाखाली दोन ओढते खण, भिंतीला मिटणारं एक टेबल, चार खुंट्या, एवढ्यात चार माणसांचं सामान बसतं. कपाट ठेवलं नाही. दोन दिवसांना कपाट लागत नाही, आणि रिकामं कपाट दिसलं की माणूस सामान वाढवतो. अपरिग्रहाचं व्रत घेतलेलं नसलं, तरी त्याची थोडी सवय इथे आपोआप होते.

दिवे पिवळे, मंद आणि खाली तोंड केलेले. पांढऱ्या झगझगीत दिव्यावर किडे फार येतात, मरतात, आणि पाहुणेही वैतागतात. सज्जात दिवा नाहीच. खिडक्यांना बारीक जाळी. वर शेगडी नाही, उदबत्ती नाही, मेणबत्ती नाही. सगळं घर लाकूड-बांबूचं, तिथे विस्तव नकोच.

स्वयंपाकघर खाली, दादाच्या घराला लागून. जेवायची पडवी पश्चिमेला तोंड करून. यावरून मात्र खरी चर्चा झाली. आमच्या घरात रात्री चूल पेटत नाही. भाच्याची बायको म्हणाली, "आत्या, शहरातली माणसं नऊला जेवतात, ती कशी राहतील?" मी म्हटलं, आधीच सांगून टाकू. मे महिन्यात आपल्याकडे सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, डिसेंबरात सहाच्या. त्याआधी तासभर गरम जेवण पडवीत वाढायचं, मावळता सूर्य समोर असतो. नंतर कुणाला भूक लागलीच तर वर डब्यात शेंगदाण्याचे लाडू, चिवडा आणि केळी ठेवलेली असतात. खायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, आपण कुणाला उपाशी ठेवत नाही. काही जण हे वाचून येत नाहीत. जे येतात ते सांगतात, मुलं नऊला झोपली, कित्येक दिवसांनी असं झालं.

जून ते सप्टेंबर वरची खोली बंद. पन्हाळ्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. लाकूड फुगतं, शेवाळ धरतं, जिना निसरडा होतो. पावसाळ्यात जीवोत्पत्ती फार म्हणून आपले साधू चातुर्मासात एका जागी थांबतात. आमचं घरही थांबतं, आणि आंब्याला माणसांपासून चार महिने सुट्टी मिळते.

आता हिशेब. आठ महिने म्हणजे साधारण ३५ आठवडे. फक्त शनिवार-रविवार धरले तर ७० रात्री. एका खोलीवर हप्ता ओढाताणीनं बसत होता, हे भाच्याचं खरंच होतं. पण दुसरी खोली झाडावरच हवी असं कुणी सांगितलं? बैल गेल्यापासून दादाचा जुना गोठा रिकामा होता. दगडी भिंती, कौलं, जागच्या जागी. झाडावरच्या एका खोलीला जेवढा खर्च आला, त्याच्या तिसऱ्या हिश्शात गोठ्याची नीटनेटकी खोली झाली, न्हाणीघरासकट. तिला पायऱ्याच नाहीत, त्यामुळे आजी-आजोबा खाली आणि मुलं-नातवंडं वर, असं अख्खं कुटुंब एकत्र येतं. खालची खोली पावसाळ्यातही चालते. म्हणजे बँकेत दोन खोल्यांचाच प्रस्ताव गेला, लाल फुलीशिवाय.

शुक्ल लेश्येपर्यंत आम्ही पोहोचलो असं मी म्हणणार नाही. खड्डे काढले, डहाळ्या तोडल्या, लोखंड रोवलं. पण पहिल्या तीन पायऱ्या टाळता आल्या, आणि त्या टाळल्यामुळे धंदा बुडाला नाही. उलट घर जास्त सोयीचं झालं.

तुमच्यापैकी कुणाच्या मळ्यात असं झाड असेल आणि मुलं-भाचे असाच काही बेत करत असतील, तर ठेकेदाराला बोलावण्याआधी वही घेऊन झाडाभोवती फिरा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सावली कुठवर जाते, पाणी कुठून उतरतं, मुंग्या कुठून चढतात, ढोलीत कोण राहतं, फळं कुठे गळतात, हे सगळं लिहा. जांभळाच्या आणि शेवग्याच्या फांद्या ठिसूळ, त्यांच्या वाटेला जाऊ नका. वड-उंबरावर पाखरांची आणि वटवाघळांची ये-जा रात्रंदिवस असते, त्यांचं त्यांना राहू द्या. आंबा, चिंच चांगली. आणि नकाशात सगळ्यात आधी झाड काढा, त्याच्या सगळ्या फांद्यांसकट. घर त्यानंतर.

जय जिनेंद्र.